फितीतल्या मोकळ्या जागा

बांध दाबायचा म्हणजे आधी वीतभर माती पसरायची. तिच्यावर पाणी शिंपडायचं, पण चिखल होईल इतकं नाही. मग धुम्मस. गुडघ्याएवढ्या उंचीचा जड ओंडका, बुडाला लोखंडी पत्रा ठोकलेला, दोन्ही अंगांना दोन दांडे. दोन बायकांनी समोरासमोर उभं राहून तो छातीपर्यंत उचलायचा आणि सोडायचा. वीतभर मातीची चार बोटं झाली की टाच रोवून बघायची. टाच उमटली नाही, तर पुढचा थर.

आदल्या पावसाळ्यात तळ्याचा बांध मधोमध फुटला आणि एका दुपारीत सगळं तळं वाहून गेलं. वर्षभर आम्ही पाण्यासाठी मैलभर चाललो. पुढचा पाऊस यायच्या आत बांध उभा राहायला हवा होता. म्हणून त्या उन्हाळ्यात बांधावर चव्वेचाळीस बायका होत्या, बावीस धुम्मस होत्या आणि सगळ्यांच्या पुढे, एका उलट्या घमेल्यावर बसलेल्या आमच्या आत्याबाई होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा त्या साठीच्या असतील. तीस वर्षं त्यांनी स्वतः धुम्मस उचलली होती, खांदे उतरल्यावर त्या गाण्यापुरत्या उरल्या. गाण्यापुरत्या म्हणजे उगाच नव्हे. बावीस ओंडके एकदम पडले तर माती बसते. मागेपुढे पडले तर एकीच्या दणक्यानं दुसरीच्या पायाखालची उचकटते. एकदम पाडायचे तर सगळ्यांना एकच खूण लागते. आमच्याकडे ती खूण म्हणजे शिवी.

ओळ सुरू झाली की उचलायचं. ओळ संपली की शिवी. शिवीवर सोडायचं.

तळं आटलं, डोळं आटलं — मुडद्या!

धप्प.

घागर रिकामी, वाट लांब — रांडेच्या!

धप्प.

सावलीत मुकादम, उन्हात आम्ही — भाड्या!

धप्प. आणि मुकादम सावलीतून हसायचा. त्याला राग येत नसे, कारण शिवी त्याला नव्हती. मी नवी नवरी असताना पहिल्यांदा ते ऐकून कानांवर हात ठेवले होते, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, "शिवी माणसाला नाही गं देत. मातीला देतो. तिला दाबायचं तर तिच्यापुढं मऊ बोलून चालतं का?"

एरवी त्या बाईच्या तोंडातून वावगा शब्द निघत नसे. काम सुटलं, हातपाय धुतले की शिव्याही बांधावरच राहायच्या. आमच्या लेकीनं एकदा शेजारच्या मुलाला 'मेल्या' म्हटलं तर आत्याबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी लेकच रडत त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. "तू तर बांधावर त्याहून मोठ्या देतेस," असं ती म्हणाली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "तू धुम्मस उचलायला लागलीस की तू पण दे."

आमच्या ह्यांचं बाजाराच्या रस्त्यावर भोंग्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची खोली. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, एक टेपरेकॉर्डर आणि वायरींची भेंडोळी. सभा असो, लग्न असो, कुणी हरवल्याची दवंडी असो, लोक ह्यांना बोलवायचे. गावात ह्यांना सगळे भोंगेवालेच म्हणत, मीसुद्धा चेष्टेत म्हणायची.

बांध छातीभर उंच झाला तेव्हा मोठे साहेब तपासणीला आले. जीपमधून उतरून त्यांनी टाच रोवून पाहिली. मग बराच वेळ उभे राहून गाणं ऐकलं. मी तेव्हा आत्याबाईंचा डबा घेऊन गेले होते. हेही साहेबांसाठी भोंगा लावायला म्हणून तिथंच होते.

"ह्या कोण गाणाऱ्या?" साहेबांनी विचारलं.

"माझी आई, साहेब," हे म्हणाले.

"आवाज काय लावतात! बांध पुरा झाला की कार्यक्रम ठेवायचाय. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष येतील. हे गाणं भोंग्यावर लावा. लोकांना कळू दे की हा बांध हातांनी झालाय." मग ते थोडे घुटमळले. "पुढच्या दोन तळ्यांना रोलर आणायचा, का ह्याच बायकांना काम द्यायचं, ते अध्यक्षांच्या हातात आहे. त्यांना आवडलं तर मी शब्द टाकीन."

आत्याबाई घमेल्यावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. चव्वेचाळीस बायका दांड्यांवर हात टेकून ऐकत होत्या.

"फक्त एक करा," साहेब म्हणाले. "अध्यक्ष घरच्यांना घेऊन येतात. बायकामुलं असतील. तेवढ्या त्या शिव्या काढून टाका."

"काढतो की, साहेब," हे म्हणाले. "त्यात काय!"

जीप गेल्यावर धुळीत उभी असलेली लांबी म्हणाली, "म्हणजे आम्ही कोण? आम्ही बायका नाही का?" लांबी म्हणजे त्या टोळीतली सगळ्यांत उंच बाई. तिची जोडीदारीण चिमणी तिच्या काखेत मावेल एवढी. धुम्मस उचलताना चिमणीचा दांडा कपाळापर्यंत जायचा आणि लांबीचा पोटापर्यंत, पण बारा वर्षं त्या दोघींनी जोडी सोडली नव्हती.

शिव्या काढायचं काम माझ्याकडे आलं. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. हे वायरी वाचायचे, अक्षरं नाही. मी लेकीच्या वहीतलं मागचं पान फाडलं, आत्याबाईंना समोर बसवलं आणि म्हटलं, "सांगा एकेक."

"इथं? घरात?" आत्याबाई म्हणाल्या.

"लिहायचंय म्हणून."

त्यांनी लेकीला बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून, खालच्या आवाजात, एकेक शब्द सांगितला. अकरा निघाले. सगळे अकरा मी वळणदार अक्षरात लिहिले आणि प्रत्येकाच्या समोर दुसरा शब्द लिहायला रिकामी जागा सोडली.

"भाड्याच्या जागी देवा म्हणा," मी सुचवलं.

"देवाला आपटू होय?"

"मग सख्या?"

"सख्याला तर हळूच खाली ठेवावं लागेल, सूनबाई." आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. त्या घरात आम्ही दोघी एवढ्या एकत्र हसल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

शेवटी 'दादा' ठरलं. सगळ्या अकरा शब्दांना एकच, म्हणजे लक्षात राहायला सोपं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही बांधावर गेले. आत्याबाईंनी टोळीला समजावलं. बायका खिदळल्या, पण पुढची दोन तळी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. ऊन चढायच्या आत नवा थर पसरला होता. धुम्मस उचलल्या गेल्या.

तळं आटलं, डोळं आटलं — दादा!

निम्मे ओंडके पडले. निम्मे वरच राहिले. धप्प, धप्प, धपधप्प असा फुटका आवाज आला. बायका हसायला लागल्या.

"हसू नका गं," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्हा."

घागर रिकामी, वाट लांब — दादा!

ह्या वेळी बरे पडले. तिसऱ्या ओळीला आत्याबाईंच्या तोंडात जुना शब्द आला, त्यांनी तो गिळला आणि 'दादा' अर्ध्या श्वासानं उशिरा आला. चिमणीनं जुन्या सवयीनं आधीच दांडा सोडला होता. लांबीनं सोडला नव्हता. ओंडका एका अंगानं कलंडला आणि पत्र्याची कड लांबीच्या उजव्या पावलावर बसली.

लांबी ओरडली नाही. नुसती खाली बसली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही सपाट झाली होती. ओल्या मातीत रक्त जिरत होतं. चिमणी कपाळावर हात मारून घेत होती.

मुकादम सावलीतून आला. पाय बघितला. मग माती बघितली. "हिला बाजूला घ्या," तो म्हणाला. "थर वाळतोय."

लांबीनं पायाला फडकं गुंडाळलं आणि दिवसभर ती कडेला बसून राहिली. घरी गेली असती तर खाडा लागला असता. आत्याबाईंनी मुकादमाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. घमेल्यावर बसल्या आणि जुनी ओळ लावली, जुन्या शब्दासकट. एकवीस ओंडके एकदम पडले.

संध्याकाळी त्या लांबीकडे जाऊन आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "माझी जीभ अडली आणि तिचा पाय गेला. आता मला बदलायला सांगू नका. तुम्हाला काय करायचं ते यंत्रात करा."

मग यंत्रात करायचं ठरलं. ह्यांनी बांबूला माइक बांधला, दुकानातली एकुलती एक कोरी कॅसेट घातली आणि भर कामात तीन गाणी भरून घेतली. एकशे बारा ओळी. बावीस धुम्मस, वारा, मध्येच कुणाचं खोकणं आणि सगळ्यांवर आत्याबाईंचा आवाज. दुकानात पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे बोटानं टेपवरची धूळ पुसत राहिले.

दुपारी उन्हामुळं बाजार बंद असायचा, तेवढ्या वेळात आम्ही काम करायचो. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून दार ओढून घ्यावं लागे. वर पत्रा तापलेला. पंखा लावला की टेपमध्ये घरघर उतरायची, म्हणून पंखा बंद. ह्यांच्या हनुवटीवरून घाम टेपवर गळायचा आणि मी फडक्यानं टिपायची.

ह्यांनी एक युक्ती काढली होती. माइकच्या भोकात नुसती पिन घालून ठेवायची, तिला माइक नाही. मग टेप बहिरी होते. शब्दाच्या तोंडाशी थांबवायचं, लाल बटण दाबायचं, बहिरी टेप त्या शब्दावर काहीच न भरता पुढे सरकते आणि शब्द पुसला जातो. पण शब्द नेमका कुठे सुरू होतो ते ह्यांना धरता येईना. गाणी मला पाठ होती. म्हणून मी मागे उभी राहून ह्यांच्या खांद्यावर बोट ठेवायचं आणि ह्यांनी लाल बटण दाबायचं, असं ठरलं. बोट उचललं की बटण सोडायचं.

एकशे बारा वेळा मी बोट ठेवलं. चार दुपारी लागल्या. शब्दाबरोबर धुम्मसचा दणकाही पुसला जायचा, कारण दोन्ही एकदमच व्हायचे. त्याला इलाज नव्हता. चौथ्या दिवशी शेवटचा शब्द गेला तेव्हा मला कामाचं समाधान वाटलं, हे मी कबूल करते. नीट निवडलेल्या धान्यासारखं वाटलं. कचरा गेला, दाणा उरला.

दुसरी कॅसेट नव्हती. मूळ तशीच ठेवून तिच्यावरून नक्कल करायची आणि नकलेवर पुसायचं, एवढं साधं आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही. आत्याबाई घरात होत्या. गाणं त्यांच्या तोंडात होतं. नक्कल कशाला ठेवायची?

आत्याबाईंना ऐकवायला त्यांना दुकानात आणलं. त्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर. ओळ वाजली, मग शांत. ओळ वाजली, मग शांत. पाचसहा ओळींनंतर त्यांनी विचारलं, "ही कोण बाई?"

"अगं, तूच की," हे म्हणाले.

"मग सारखी थांबतेय का? काही विसरलीये का ती?"

हे हसले. मी हसले नाही. आत्याबाईंनी थट्टा केली नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी बांधाखाली कापडी मंडप होता. खुर्च्यांवर अध्यक्ष, त्यांची बायको, सून, नातवंडं, साहेबांच्या घरचे. टोळीला मागे जमिनीवर बसवलं होतं. मुकादमानं सगळ्यांना बजावलं होतं, "टेप वाजेल तेव्हा तोंड उघडायचं नाही. एकीनं जरी शब्द काढला तर पुढच्या कामाचं विसरा." लांबी काठी घेऊन आली होती, पाय पुढे लांब करून बसली होती.

भोंग्यातून आत्याबाईंचा आवाज तळ्याच्या रिकाम्या खड्ड्यावर पसरला. पलीकडच्या कडेला आपटून परत आला. ओळ, मग काही नाही. पहिल्या काही मोकळ्या जागांना नातवंडांना वाटलं भोंगा बिघडला. ती टाळ्या वाजवून ओरडायला लागली, "बंद पडला, बंद पडला!" अध्यक्षांच्या बायकोनं त्यांना दटावलं आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "किती गोड आवाज आहे."

मी मागे वळून पाहिलं. चव्वेचाळीस बायका ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. पण हात राहत नव्हते. ओळ सुरू झाली की मांडीवरचे हात बोटभर वर यायचे आणि मोकळी जागा आली की खाली पडायचे. कुणाला ते कळतही नसावं. आत्याबाईंचे हात मात्र पडून होते. त्या समोर, भोंग्याकडे बघत होत्या. परकं माणूस घरात शिरून बोलतंय आणि त्याला जा म्हणता येत नाही, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

अध्यक्षांना आवडलं. त्यांनी भाषणात दोनदा सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर हे साहेबांकडे गेले, मीही चार पावलं मागून गेले.

"फार छान झालं," साहेब म्हणाले. "अगदी स्वच्छ."

"मग पुढचं काम, साहेब?"

साहेबांनी जीपचं दार धरलं होतं. "रोलर तर गेल्याच महिन्यात मंजूर झालाय. मला काल कळलं. माझ्या हातात काही नाही हो." ते खरंच ओशाळले होते. ते दुष्ट असते तर आम्हाला सोपं गेलं असतं.

पावसाळ्यात तळं भरलं. बांध थेंबभरही झिरपला नाही. आजही झिरपत नाही. टोळी मात्र फुटली. कुणी वीटभट्टीवर गेली, कुणी शहरात भांडी घासायला. चिमणी मुलाकडे राहायला गेली. जाताना लांबीच्या गळ्यात पडून इतकी रडली की लांबीला तिला उचलून गाडीत बसवावं लागलं. आत्याबाई घरी बसल्या. भाजी निवडायच्या, नातीची वेणी घालायच्या. गात नसत. लेक हट्ट करायची तर म्हणायच्या, "बसून नाही येत गं ते. समोर कुणी उचलणारं लागतं."

थंडीच्या तोंडावर एका सकाळी त्या पाण्याच्या पिंपाजवळ पडल्या. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं. आठ दिवसांनी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डोळ्यांत ओळख होती, पण बोलणं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कदाचित थोडं परत येईल.

आलं. तिसऱ्या आठवड्यात, मी त्यांना पाणी पाजत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "रांडेच्या."

मी पेला खाली ठेवला. त्या स्वतःच दचकल्या होत्या. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. "भाड्या," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढंच उरलं होतं. त्या कागदावरचे अकरा शब्द. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "असं होतं कधी कधी. शिव्या मेंदूत दुसरीकडे राहतात. बाकीचं घर पडलं तरी ती खोली शाबूत राहते." ते ऐकून हे घरी आले आणि जेवले नाहीत.

पाणी हवं तर मुडद्या. कूस बदलायची तर भाड्या. लेक शाळेतून आली की तिच्या तोंडावरून हात फिरवून, "रांडेच्या, रांडेच्या." लेकीला आठवड्यात सगळं कळायला लागलं. ती आवाजावरून ओळखायची, शब्दावरून नाही. "आजी उशी मागतेय," ती मला सांगायची. "आजी विचारतेय, बाबा आले का." मला ते कधी जमलं नाही. मला शब्दच ऐकू यायचे. ते मीच लिहून घेतले होते ना.

माणसं भेटायला यायची. मी आधी दार लोटायची, म्हणायची, झोपल्यात. पण सगळ्यांना कसं परतवणार? एकदा साहेब आले, बायको आणि मुलीला घेऊन, फळं घेऊन. चांगले होते म्हणूनच आले. आत्याबाईंनी त्यांना ओळखलं. चेहरा उजळला. डावा हात जोडायला म्हणून वर केला, दुसरा जागचा हलेना. आणि तोंड उघडायला लागलं.

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

नुसता ठेवला नाही, दाबला. साहेबांची मुलगी आठ-नऊ वर्षांची, पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. माझ्या तळव्याखाली आत्याबाईंचे ओठ हलत होते. गरम श्वास लागत होता. साहेब म्हणाले, "राहू द्या, राहू द्या," आणि फळं स्टुलावर ठेवून पाच मिनिटांत निघाले. मी हात काढला तेव्हा आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत. लेक मला म्हणाली, "ती त्यांना बसा म्हणत होती, आई."

त्यानंतर ह्यांनी एका दुपारी दुकानातून टेप घरी आणली. "निदान स्वतःचा आवाज तरी ऐकेल," म्हणाले. पलंगाशेजारच्या स्टुलावर टेप ठेवली आणि बटण दाबलं.

तळं आटलं, डोळं आटलं —

"मुडद्या!" आत्याबाई म्हणाल्या. आणि डावा हात वर जाऊन गादीवर पडला. धप्प.

घागर रिकामी, वाट लांब —

"रांडेच्या!"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. त्या एकही जागा चुकवत नव्हत्या. ज्या ओळीला जो शब्द होता, तोच, नेमका तिथेच. वाकडं तोंड, पण आवाज बांधावरचा. एकशे बारा जागा त्यांनी भरल्या. शेवटी धापा टाकत पडून राहिल्या आणि हसल्या. आजारपणात पहिल्यांदाच.

मग रोज दुपारी टेप लागायची. आणि चारपाच दिवसांनी ह्यांच्या डोक्यात आलं की हे परत भरून घ्यावं.

"ती म्हणतेच आहे," हे म्हणाले. "मोकळ्या जागेवर माइक चालू करून लाल बटण दाबायचं. शब्द परत बसेल. गाणं पुरं होईल." इतक्या उत्साहात मी ह्यांना बऱ्याच दिवसांनी पाहत होते. "तू बोट ठेव. तेव्हासारखं."

बहिरी पिन काढली. माइक उशीपाशी लावला. मी मागे उभी राहिले. ओळ वाजायला लागली.

तळं आटलं, डोळं —

माझं बोट घाबरून अर्ध्या शब्दाआधीच पडलं. ह्यांनी बटण दाबलं. ओळीचं शेपूट पुसलं गेलं, ओळ मध्येच तुटली म्हणून आत्याबाई थांबल्या, माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना ओळ पुरी ऐकू आल्याशिवाय शब्द येत नव्हता. "म्हण ना आई," हे म्हणाले. टेप चालूच होती. लाल बटण दाबलेलंच होतं. पुढची ओळ खालून सरकत होती आणि पुसली जात होती. "थांब, थांब, थांब," हे ओरडले आणि बटण सोडेपर्यंत दोन ओळी गेल्या.

मागे नेऊन ऐकलं. तळं आटलं, डोळं — मग पलंगाची करकर, मग ह्यांचा आवाज, म्हण ना आई, थांब, थांब, थांब. मग तिसऱ्या ओळीचा मुकादम सावलीत.

ह्यांनी टेप बंद केली. पुन्हा प्रयत्न करू असं म्हणाले नाहीत. आत्याबाई गादीवर हात थोडा उचलून वाट बघत होत्या.

त्या उन्हाळा काढू शकल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत शब्दही कमी होत गेले. आधी जागा चुकायला लागल्या, मग एकेक गळायला लागला. शेवटी एकच उरला. तो नातीसाठी होता.

त्या गेल्या त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. ह्यांच्या बहिणी, त्यांचे नवरे, सुना, शाळेचे मास्तर, बाजारातले दुकानदार. मुलं दारात दाटीनं उभी. लांबी काठी टेकत आली आणि भिंतीशी बसली. न्यायच्या आधी ह्यांच्या थोरल्या बहिणीनं म्हटलं, "आईचं ते गाणं आहे ना तुझ्याकडे? एकदा लाव." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून टेप लावली.

तळं आटलं, डोळं — म्हण ना आई, थांब, थांब, थांब.

कुणीतरी हुंदका दिला. लोकांना वाटलं तो कुठला तरी जुना, मायेचा प्रसंग असेल.

सावलीत मुकादम, उन्हात आम्ही —

आणि मोकळी जागा आली.

आत्याबाईंचा डावा हात चादरीवर होता, मी त्याच्याकडेच बघत होते. भिंतीशी बसलेल्या लांबीचे दोन्ही हात मांडीवरून बोटभर वर आले होते आणि तसेच राहिले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या तोंडात होता. जिभेवर आलेला मला कळत होता. तो मी माझ्या हातानं लिहिला होता, माझ्या बोटानं पुसला होता. माझ्याइतकी त्याची नेमकी जागा त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

पण घरची माणसं होती. मुलं होती.

फीत पुढे सरकली आणि पुढची ओळ सुरू झाली.